चादरींना इस्त्री: पावसात गरजेची, उन्हाळ्यात हौसेची

गोव्याच्या फोंडा तालुक्यातून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. मे महिन्यात त्यांच्या पत्नी पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हाताला अजून जोर नाही. ते लिहितात, ‘प्रत्येक चादर, प्रत्येक अभ्रा इस्त्री करूनच कपाटात ठेवायचा, ही तिची लग्नापासूनची पद्धत. आता ते काम मी घेतलं आहे. पण एक बाजू करेपर्यंत दुसरी चुरगळते. एक पांढरी चादर तर मी जाळली. शेजारी म्हणतात, चादरींना इस्त्री कोण करतं आजकाल? पण इस्त्री न करता ठेवलेल्या चादरींना चार दिवसांत कुबट वास येतो. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मुलगा, सून आणि दहा महिन्यांची नात बेंगळुरूहून येणार आहेत. हे काम करावं की सोडून द्यावं? करायचं तर नीट कसं करावं? आणि त्या जळलेल्या चादरीचं काय करू?’

काका, सप्रेम नमस्कार.

सोडून देऊ नका, पण काकू करायच्या तेवढं सगळं करायचीही गरज नाही. आपल्याकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत सुती चादर कपाटात ठेवण्याआधी तिच्यावरून तापलेली इस्त्री फिरवणं हे शहाणपणाचं काम आहे. चादर गुळगुळीत दिसते हा वरचा फायदा. खरा फायदा ती कोरडी होते हा. दिवाळीनंतर कोरडी हवा आणि कडक ऊन सुरू झालं की चादरींची इस्त्री ही ज्याच्या-त्याच्या आवडीची गोष्ट. तेव्हा शेजाऱ्यांचं खुशाल ऐका.

कापसाला पाणी धरून ठेवायची खोड असते. हाताला कोरडं लागणारं सुती कापडही आतून पूर्ण कोरडं नसतं. हवेत मध्यम दमटपणा असताना कापूस आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी बाळगून असतो. पॉलिएस्टर मात्र अर्धा टक्कासुद्धा नाही. डबल बेडची सुती चादर पाऊण किलोची धरली, तर ‘वाळलेल्या’ चादरीत चारेक मोठे चमचे पाणी असतंच. जुलैच्या सादळलेल्या हवेत ते आणखी वाढतं. अशी चादर घडी घालून बंद कपाटात ठेवली की घडीच्या आत हवा खेळत नाही आणि बुरशीला हवं ते सगळं मिळतं. तुम्हाला येणारा कुबट वास हा त्या बुरशीचाच. तेव्हा काकूंची पद्धत नुसत्या टापटिपीपुरती नव्हती. आपल्या हवेत घर सांभाळणाऱ्या बाईला हे अनुभवाने कळलेलं असतं.

इथे एक गोष्ट मात्र सांभाळा. वास लागलेल्या चादरीवर इस्त्री फिरवू नका. गरम असताना वास गेल्यासारखा वाटतो, गार झाली की पुन्हा येतो. ती चादर परतच धुवायला हवी. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला. आपलं माडाचं विनागर स्वयंपाकाला कितीही उत्तम असलं तरी त्याला रंग असतो, ते पांढऱ्या कापडाला नको. आणि ज्या धुण्यात ब्लीच घातलंय त्यात व्हिनेगर चुकूनही पडू देऊ नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तो छातीला फार वाईट.

आता वाळवण्याबद्दल. इस्त्रीचे अर्धे कष्ट दोरीवरच वाचतात. मशीनमध्ये एका वेळी दोनच मोठ्या चादरी घाला. ड्रम गच्च भरला की चादरींचा पीळ होतो आणि त्या पिळाच्या सुरकुत्या कशानेही लवकर निघत नाहीत. उन्हाळ्यात पिळण्याचा वेग कमी ठेवावा, सुरकुत्या कमी पडतात. पावसात मात्र वेग जास्त ठेवा. पडल्या तर पडू देत सुरकुत्या, आधी पाणी निघू दे. मशीन थांबलं की चादर लगेच बाहेर काढून दोन-तीनदा जोरात झटका. ओल्या चादरीचा गोळा तासभर पडून राहिला तर झटकून काही होत नाही.

मग वसरीत किंवा खोलीत, जिथे जागा असेल तिथे, दोन दोऱ्या हातभर अंतराने बांधा आणि चादर दोन्हींवरून अशी टाका की मधून हवा जाईल. एका दोरीवर दुहेरी टाकलेल्या चादरीच्या आतल्या बाजू एकमेकींना चिकटून ओल्याच राहतात. पंखा समोरून नको, बाजूने लावा, म्हणजे वारा दोन पदरांच्या मधून वाहील. दोरीवर असतानाच काठ हाताने ओढून सरळ करून घ्या.

किंचित ओल असताना चादर उतरवायची आणि दोघांनी मिळून ताणायची. आपल्या आज्या करायच्या तसं. एकाने एका टोकाचे दोन कोपरे धरायचे, दुसऱ्याने समोरचे, आणि मागे रेलून ओढायचं. मग कोपरे बदलून तिरपं ओढायचं. धुतल्यावर कापड तिरकं होतं आणि घडीचे काठ जुळत नाहीत, ते यानेच सरळ होतं. काकूंच्या मनगटाला हा ताण सध्या देऊ नका. दोन कोपरे खिडकीच्या गजाला किंवा खुर्चीच्या पाठीला अडकवूनही एकट्याला जमतं.

एवढं झाल्यावर इस्त्री. ओलीचिंब चादर इस्त्रीने वाळवायचा मोह पावसात फार होतो, विशेषतः पाहुणे दारात असताना. तसं करू नका. एक लिटर पाण्याची वाफ करायला कमीत कमी ०.७ युनिट वीज लागते. मशीनमधून काढलेल्या चादरीत तिच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. विजेपेक्षाही वेळ जातो, वाफेने हात भाजतो आणि कापड पिवळं पडतं. इस्त्रीचं काम शेवटची ओल काढण्याचं. हजार वॅटची साधी इस्त्री अर्धा तास चालवली तर अर्ध्या युनिटाहून कमीच वीज खाते, कारण थर्मोस्टॅट तिला मधूनमधून बंद करत असतो. तेवढ्या वेळात दोन चादरी आणि चार अभ्रे आरामात होतात.

‘एक बाजू करेपर्यंत दुसरी चुरगळते’ असं तुम्ही लिहिलंय. कापसाचे तंतू ओल आणि उष्णता मिळाली की नरम पडतात आणि गार होताना ज्या आकारात असतील तोच आकार धरतात. म्हणजे सुरकुती जाते ती इस्त्री फिरवताना, पण कापड सरळ राहायचं की नाही हे ठरतं ते गार होताना. तुम्ही केलेला भाग गरम असतानाच टेबलावरून खाली घसरतो, गोळा होतो आणि त्याच गोळ्यात गार होतो. म्हणून तो पुन्हा चुरगळतो.

त्यासाठी चादर आधीच लांबीत दुमडून घ्या, काठाला काठ लावून. मग पुन्हा एकदा लांबीत. आता चार पदरांची लांब पट्टी झाली, साधारण दोन फूट रुंद. रुंदीला ही जेवणाच्या टेबलावर पूर्ण मावते. वरचा पदर करा, पट्टी उलटून खालचा करा, मग घडी उलगडून आतले पदर बाहेर येतील अशी पुन्हा घाला आणि तेही तसेच करा. टेबलाच्या पलीकडे दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवा. झालेला भाग त्यांच्यावरून सरळ लोंबता राहील, जमिनीवर पडणार नाही. आतले पदर पाहुण्यांच्या नजरेस पडत नाहीत म्हणून सोडायचे, ही युक्ती उन्हाळ्यात चालेल. पावसात आतल्या पदरांनाच कोरडेपणाची जास्त गरज आहे.

टेबलावर जुनं घोंगडं किंवा जाड ब्लँकेट आणि त्यावर पांढरं सुती कापड, एवढं पुरतं. पलंगावर इस्त्री करू नका. गादी दबते, कापड दबलेल्या जागी सुरकुततं, वर वाकून कंबर धरते. आणि फोमची गादी उष्णतेला फार नाजूक. टेबल तुमच्या कोपराच्या उंचीच्या जरा खाली असावं. जमिनीवर बसून करायची सवय काकूंना असेल, पण तुम्ही या वयात नव्याने ती लावून घेऊ नका.

इस्त्री कापडाच्या धाग्याच्या दिशेने, लांबीत फिरवायची. गोल गोल फिरवली की कापड ताणून वेडंवाकडं होतं. काठाची दुहेरी शिवण आधी करायची, कारण ती आखडलेली असली तर शेजारचं कापड चुण्या घालतं. मग मधला भाग. गडद रंगाच्या चादरी उलट्या बाजूने करा, नाहीतर सुलट बाजूला चकाकी येते. भरतकाम असलेले अभ्रे टॉवेलवर पालथे ठेवा आणि मागून इस्त्री फिरवा, भरतकाम चेपत नाही. इलास्टिकच्या चादरींच्या वाटेला जाऊ नका. गादीवर ताणून बसवल्या की त्या आपोआप सरळ होतात आणि उष्णतेने इलास्टिक लवकर ढिलं होतं.

चादर जळते ती बहुतेक वेळा उष्णतेचा क्रम चुकल्यामुळे. कपड्याच्या आतल्या पट्टीवर इस्त्रीचं चित्र असतं, त्यात एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश सेल्सिअसपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. सुती कापडाला तीन ठिपके चालतात. कापूस-पॉलिएस्टर मिश्र चादरीला दोन. बाजारात ‘कॉटन’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त चादरींत पुष्कळदा मिश्रण असतं. हातात चुरगळून सोडल्यावर ती लगेच सरळ झाली तर ती शुद्ध सुती नाही, असं खुशाल समजा. इस्त्री तापते लवकर पण गार व्हायला वेळ घेते. म्हणून मिश्र कापडाचं सगळं आधी करा, मग बटण वाढवून सुती घ्या. उलटं केलं, की बटण खाली आणलं तरी इस्त्रीचा पत्रा बराच वेळ तापलेलाच राहतो. तुमची चादर अशीच गेली असावी, किंवा दारावर कोणी आलं म्हणून इस्त्री पालथी राहिली असेल. फोन वाजला, बेल वाजली, तर आधी इस्त्री उभी करायची, मग वळायचं.

डागावर इस्त्री कधीही नको. चहा, हळद, रक्त, तेल, काहीही असो, उष्णतेने डाग पक्का बसतो. हळदीचा डाग साबणाने धुऊन उन्हात टाकला की फिका होत जातो, पाऊस असला तर उघडीप होईपर्यंत चादर बाजूला ठेवा. आपल्या जांभ्या दगडाच्या भागात काही विहिरींच्या पाण्यात लोह असतं, त्याने पांढऱ्या चादरींवर तांबूस ठिपके येतात. त्यावर लिंबू आणि मीठ चोळावं. ब्लीच लावलं तर ते ठिपके उलट अधिक गडद होतात.

काकूंना खळीची आवड असेल तर या दिवसांत त्यांना समजावून थांबवा. खळ म्हणजे पिष्ट, आणि ते बुरशीला आणि कसरीला दोघांनाही आवडतं. चवथीच्या आदल्या दिवशी घालून लगेच अंथरणार असाल तर हलकी खळ चालेल, पण पांढऱ्या सुरय तांदळाच्या पेजेची, गाळून घेतलेली. लालसर उकड्या तांदळाची पेज पांढऱ्या चादरीला रंग देते.

वाफेची इस्त्री घ्यावी का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मुलगा आणायचं सुचवेल म्हणून सांगते. उन्हाळ्यात करकरीत वाळलेल्या चादरीला तिचा चांगला उपयोग होतो. पावसात जे पाणी आपण काढतोय तेच ती पुन्हा घालते. वाफ वापरलीच तर शेवटचा हात कोरडा फिरवा. त्या इस्त्र्या वजनालाही जड. काकूंचा हात बरा झाल्यावर डॉक्टर हो म्हणाले तरी त्यांच्यासाठी किलोभराची साधी कोरडी इस्त्रीच बरी. आणि वाफेच्या इस्त्रीला पुष्कळदा मोठा प्लग लागतो, ती एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. कुठलीही इस्त्री इन्व्हर्टरवरही नको, घरातले साधे इन्व्हर्टर एवढा भार पेलत नाहीत. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहू नका, पायात रबरी चप्पल असू द्या. वीज कडाडायला लागली की प्लग काढा.

इस्त्री झालेली चादर लगेच कपाटात टाकू नका, हे सगळ्यांत महत्त्वाचं. गरम कापडातून वाफ निघत असते. ती घडीत कोंडली की केलेलं काम पाण्यात गेलं. पंखा सुरू ठेवून वीस मिनिटं खुर्चीवर मोकळी राहू द्या, मग घडी घाला. घडी दरवेळी त्याच रेषेवर घालू नका आणि घडीच्या कडेवर इस्त्री दाबू नका, जुन्या चादरी तिथेच विरतात. आणि उघड्या फळीवर ठेवली तर ती चार दिवसांत पुन्हा हवेतली ओल ओढून घेईल. चेन असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवा, पिशवीतली हवा दाबून काढा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. खालचा कप्पा सर्वांत आधी सादळतो, तिथे भांडी ठेवा, चादरी वर.

पुढच्या वर्षी मात्र हे सगळं एवढं करू नका. पावसात रोजच्या वापराला प्रत्येक पलंगाचे दोन-दोन जोड पुरतात. बाकीच्या चादरी मे महिन्यातच उन्हात खडखडीत वाळवून, सावलीत गार करून पिशव्यांत बंद करून टाका. उन्हात वाळलेल्या चादरीला इस्त्री केली नाही तरी चालते. जून ते सप्टेंबर फक्त वापरातले जोड इस्त्रीला येतील, आणि तेही धुतल्यावर लगेच पलंगावर गेले तर त्यांनाही इस्त्रीची गरज नाही. यंदा चवथीसाठी लागतील तेवढ्या चादरी आठवडाभर आधी बाहेर काढा आणि नाकाला लावून बघा. वास नसेल तर पंख्याखाली मोकळ्या करून एक हात इस्त्री फिरवा, बस्स. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायची, बाजार करायचा, करंज्या-नेवऱ्या व्हायच्या, त्यात हॉलमध्ये निजणाऱ्या प्रत्येकाच्या अंथरुणाला इस्त्री हवी असा हट्ट कोणी धरणार नाही. फारच जास्त झाल्या तर डबल चादरी लाँड्रीत द्या. काकूंना त्यात कमीपणा वाटेल. त्यांना सांगा, हात पूर्ण बरा व्हायला हवा आणि नातीला उचलून घ्यायची तर मनगट जपायलाच हवं. घड्या तपासण्याचं आणि कुठली चादर कुठल्या पलंगावर हे ठरवण्याचं काम त्यांच्याकडेच ठेवा. तेवढं डावा हातही करतो, आणि तुमचं काम त्यांना हळूहळू पसंत पडायला लागेल.

नातीसाठी दोन गोष्टी अगदी कळकळीने सांगते. ज्या कपाटात किंवा पेटीत डांबराच्या, म्हणजे नॅप्थालिनच्या, गोळ्या आहेत तिथल्या चादरी, दुपटी तिच्यासाठी काढू नका. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मतः कमतरता काही मुलांत असते, आणि ती असल्याचं घरच्यांना पुष्कळदा माहीतही नसतं. अशा मुलांच्या तांबड्या पेशी नॅप्थालिनच्या नुसत्या वासाने फुटू शकतात आणि मूल गंभीर आजारी पडतं. गोळ्या घालून ठेवलेलं काही वापरायचंच असेल तर नीट धुऊन, मोकळ्या हवेत चांगलं वाळवून मगच. त्यापेक्षा गोळ्या घरातूनच काढा, कोरड्या चादरी बंद पिशवीत असल्या की त्यांची गरज पडत नाही. दुसरं, बाळाच्या अंथरुणाची चादर गादीखाली घट्ट खोचलेली असावी. वर मोकळं पांघरूण, उशी, सैल चादर वर्षाच्या आतल्या मुलाजवळ नको. तिच्या चादरींना खळ नको, सुवासिक फवाराही नको.

राहिली ती जळलेली चादर. डाग फिका पिवळसर असेल आणि चादर पांढरी सुती असेल, तर औषधाच्या दुकानात मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसाच्या बोळ्याने लावा, अर्धा तास उजेडात ठेवा आणि धुऊन टाका. दोन-तीनदा करावं लागेल. डाग तपकिरी असेल आणि बोटाने घासल्यावर कापड खरखरीत लागत असेल, तर तिथला धागाच जळाला आहे, तो कशाने परत येत नाही. तेवढा भाग कापून काढा. डबल चादरीच्या चांगल्या उरलेल्या कापडातून चार अभ्रे सहज निघतात. काठाची मूळ शिवण अभ्र्याच्या उघड्या बाजूला येईल असं बेतायला शिंप्याला सांगा, म्हणजे ती बाजू नव्याने दुमडून शिवावी लागणार नाही.